नातीचा नऊवारीतला फोटो आणि लेकीचा राग

या वेळचं पत्र मुलुंडहून आलंय. थोडं छोटं करून देतेय, नावं काढून टाकलीत.

"माझं वय ६६, मिस्टर जाऊन तीन वर्षं झाली. लेक, जावई आणि चार वर्षांची नात नेदरलँड्सला, आइंडहोवनला असतात. ठाण्याचा भाचा आयटीत आहे, त्याने माझ्या मोबाईलवर एआयचं ॲप टाकून दिलं आणि तेव्हापासून मी त्यात रमलेय. डायबेटिसचं पथ्य विचारते, वरच्या मजल्यावरून पाणी गळतंय त्याबद्दल सोसायटीच्या सेक्रेटरीला इंग्लिशमध्ये पत्र करून घेतलं, रात्री झोप नाही लागली की अभंगांचे अर्थ विचारत बसते. मागच्या महिन्यात नातीचा वाढदिवसाचा फोटो त्यात टाकला आणि नऊवारी, नथ, चंद्रकोर असं करून घेतलं, फॅमिली ग्रुपवर पाठवलं. सगळ्यांनी कौतुक केलं. अर्ध्या तासात लेकीचा फोन, रडतच होती, आई तू कोणाला विचारून तिचा चेहरा त्यात टाकलास म्हणून. मी लगेच डिलीट केलं. पण भाच्याने ग्रुपवर लिहिलं की तिकडचे लोक एआयला घाबरतात म्हणून ते मागे पडणार आणि आपण पुढे जाणार. लेक ग्रुपमधून बाहेर पडली. सोळा दिवस झाले, व्हिडिओ कॉल नाही. जावयांचा मेसेज येतो, सगळं ठीक आहे एवढाच. तिकडे खरंच लोकांना याचा इतका राग आहे का माझीच लेक बदलली? आणि मी हे वापरते त्यात काही वाईट आहे का?"

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सोळा दिवस मोजून लिहिलेत तुम्ही, त्यावरूनच कळतंय रोज संध्याकाळी फोनकडे बघत बसत असाल.

आधी फोटोचं बोलून घेते, म्हणजे मनात अडकून राहायला नको. फोटोच्या बाबतीत तुमची लेक बरोबर आहे. तुम्ही प्रेमाने केलंत यात मला काडीची शंका नाही, नातीला नऊवारीत बघायची हौस कुठल्या आजीला नसते, आणि ती सात समुद्रापलीकडे असेल तर जास्तच. पण चार वर्षांच्या मुलीचा चेहरा एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर जाणार की नाही हे ठरवायचं काम तिच्या आईवडिलांचं. आपल्याकडच्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यातही हेच धरलंय, १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर कंपनीने पालकांची संमती घ्यायची, नियमही २०२५च्या नोव्हेंबरात आले. आजीचा जीव कितीही असला तरी इथे विचारायचं लेकीलाच. आणि ग्रुपवर चाळीस माणसं असतील तर तो फोटो चाळीस फोनमध्ये उतरला, तुम्ही डिलीट केलात तरी कोणाच्या गॅलरीत राहिला असेल सांगता येत नाही. ती रडली ती यासाठी.

आता तुमचा प्रश्न, तिकडे खरंच राग आहे का. राग म्हणण्यापेक्षा संशय म्हणा, आणि हो, आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२५च्या एआय अहवालात इप्सॉस या सर्व्हे करणाऱ्या कंपनीचे आकडे आहेत, एआयच्या वस्तूंचे फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत असं मानणारे चीनमध्ये ८३ टक्के, इंडोनेशियात ८०, थायलंडमध्ये ७७, आणि कॅनडात ४०, अमेरिकेत ३९, तुमच्या लेकीच्या नेदरलँड्समध्ये ३६. म्हणजे तिच्या ऑफिसात, नातीच्या शाळेच्या गेटवर, शेजारी, दर तीन माणसांत साधारण एकालाच हे चांगलं वाटतं. तुमच्या ग्रुपवर मात्र सगळ्यांना वाटतं. तुमची लेक रोज ज्या हवेत श्वास घेते ती हवाच वेगळी आहे, ती काही तुमच्यावर उलटलेली नाही.

आता ती हवा अशी का झाली हे सांगते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. नेदरलँड्समध्ये नोकरी करणाऱ्या आईबापांना पाळणाघरासाठी सरकारकडून भत्ता मिळतो. या भत्त्यात कोण फसवणूक करतंय ते शोधायला तिथल्या टॅक्स खात्याने एक कॉम्प्युटर सिस्टीम वापरली, ती प्रत्येक अर्जाला धोक्याचा मार्क द्यायची आणि त्यात माणूस डच नागरिक आहे की नाही हेही धरलेलं होतं. हजारो कुटुंबांवर चोरीचा शिक्का बसला, एखादी सही राहिली, एखादा कागद उशिरा दिला एवढ्यावरून वर्षांचे भत्ते परत मागितले, काहींना हजारो युरो भरायला लावले. घरं गेली, लग्नं मोडली, आणि ज्या घरांना हा फटका बसला त्यातली हजाराच्या वर मुलं आईबापांकडून काढून दुसरीकडे ठेवली गेली. शेवटी जानेवारी २०२१ मध्ये पंतप्रधान मार्क रुट यांच्या अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. हे आजचं गप्पा मारणारं एआय नव्हतं, ते तर नंतर आलं, चॅटजीपीटीच मुळी २०२२च्या नोव्हेंबर अखेरचं. पण सामान्य माणूस एवढा फरक करत नाही ताई, त्याला एवढंच आठवतं की मशीनने एक आकडा दिला, साहेबाने मान डोलावली आणि शेजारणीचं मूल तिच्याकडून काढून नेलं. त्यातही बाहेरून आलेली कुटुंबं जास्त भरडली गेली. तुमची लेकही तिथे बाहेरून आलेलीच आहे, तिच्याही हातात लहान मूल आहे. तिने हे सगळं मनात धरूनच फोन केला असं मी म्हणणार नाही, मला तिच्या मनातलं काय माहीत, पण अशा देशात मूल वाढवणारी आई चेहऱ्याच्या फोटोला एवढी जपते यात मला नवल वाटत नाही.

आणि मुलांचा विषय आला की फक्त डच लोकच असे होतात असंही नाही. इटलीने २०२३च्या मार्च अखेरीला चॅटजीपीटी महिनाभर बंद करून ठेवलं होतं, त्यात एक मुद्दा हाच होता की लहान मुलं वापरतायत का ते कोणी तपासतच नाही. दक्षिण कोरियाचं तर बघा, प्यू रिसर्च या अमेरिकेतल्या पाहणी करणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये पंचवीस देशांत विचारलं तेव्हा एआयची उत्सुकतेपेक्षा काळजीच जास्त वाटते म्हणणारे अमेरिकेत आणि इटलीत निम्मे होते आणि कोरियात फक्त १६ टक्के. इतका निर्धास्त देश, पण तिथे मार्च २०२५ मध्ये शाळांत एआयवाली पाठ्यपुस्तकं आणली तर आईबाप आणि शिक्षक इतके नाराज झाले की ऑगस्टमध्ये त्या पुस्तकांचा पाठ्यपुस्तक म्हणून असलेला दर्जाच काढून घेतला. मोठी माणसं स्वतःपुरतं काही चालवून घेतात, मुलांचं आलं की हात आखडतात. आईची जात सगळीकडे सारखीच.

आता भाच्याचं. त्याला माझा निरोप सांगा, किंवा हे सदरच पाठवा. "तिकडचे घाबरट, आपण पुढे" हे वाक्य मला पटलेलं नाही, आणि मी ते मुंबईतच राहून, मुंबईतच नोकरी करून सांगतेय.

मी १९८१ मध्ये फोर्टातल्या एका बँकेत लागले. तेव्हा लेजरं हाताने लिहायची, महिन्याच्या बॅलन्सिंगला एक रुपयाचा फरक आला तर रात्री दहापर्यंत बसायचो, सीएसटीला तेव्हा व्हीटी म्हणायचे, तिथून शेवटच्या गाड्यांनी घरी. आणि कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर आम्ही काय केलं? घोषणा दिल्या. दंडावर काळ्या फिती लावल्या. त्याच काळात, जानेवारी १९८२ पासून, गिरण्यांचा संप चालू होता, अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि आमच्या काउंटरला पासबुक घेऊन येणारी लालबाग-परळची माणसं शिल्लक शून्याकडे जाताना आम्ही स्वतः लिहीत होतो. काम जाणं म्हणजे काय ते समोर दिसत होतं, मग मशीनची भीती वाटणार नाही तर काय. १९८३ मध्ये युनियन आणि बँकांचा मशीनं आणण्याबद्दल करार झाला, १९८४ मध्ये बँकांत कॉम्प्युटर कसे आणायचे यावर रंगराजन कमिटीचा रिपोर्ट आला, आणि हळूहळू एएलपीएम म्हणून लेजर पोस्टिंगची मशीनं आली. पहिल्या महिन्यात बॅलन्सिंग साडेसहाला जुळलं तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई, जी घोषणा देण्यात सगळ्यात पुढे होती, ती म्हणाली अगं आज मी मुलांना गरम जेवण वाढणार. हे मी कधी विसरणार नाही. पण हेही विसरणार नाही की पुढे २०००-०१ मध्ये व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि देशभरातल्या सरकारी बँकांतून लाखभर माणसं घरी गेली, आमच्या शाखेतून सात. म्हणजे गरम जेवणही खरं आणि ती भीतीही खरी.

तर भाच्याला सांगा, मशीनचं स्वागत करणं आपल्या रक्तात वगैरे काही नाहीये. याच मुंबईने कॉम्प्युटरविरुद्ध मोर्चे काढलेत. माणूस कुठे उभा आहे, त्याच्या हातातून काय जाणार आणि हातात काय येणार, त्यावर ठरतं. २०२३ मध्ये हॉलीवूडचे लेखक १४८ दिवस संपावर होते, त्यांच्या मागण्यांत एआयवर बंधन हवं ही मोठी मागणी होती, कारण तिथे लेखकाला बरी मजुरी आहे आणि ती जायची भीती आहे. आपल्याकडे कितीतरी लोकांच्या हातात हे उलटं आलं. तुमचंच घ्या ना. इंग्लिशमध्ये पत्र लिहायचं म्हणजे आधी मिस्टर होते, ते गेल्यावर भाच्याला फोन करायचा, तो मीटिंगमध्ये, मग शेजारच्या मुलीला विचारायचं, लाज वाटायची. आता रात्री अकरा वाजता मराठीत बोललात आणि पत्र हातात. सेक्रेटरीने दखल घेतली की नाही ते तुम्ही लिहिलं नाहीत पण तुम्ही स्वतः लिहून दिलंत याचा आनंद पत्रात दिसतोय. तुमच्या लेकीला आइंडहोवनमध्ये अशी अडचण कमी येते, तिला हे नाही वापरलं तरी फारसं काही अडत नाही. म्हणून तुमचं आणि तिचं मत वेगळं. यात कोणी मागे नाही आणि कोणी पुढे नाही.

अजून एक आकडा भाच्यासाठी. त्याच प्यूच्या पाहणीत एआयबद्दल बरंच काही ऐकलंय असं म्हणणारे भारतात फक्त १४ टक्के होते, जपान, जर्मनी, फ्रान्स, अमेरिकेत जवळपास निम्मे. आणि सरकार याच्यावर नीट लक्ष ठेवेल असा भरवसा असणारे भारतात ८९ टक्के, अमेरिकेत ४४. मला विचाराल तर हा भरवसा छान आहे पण ऐकलंच कमी असताना ठेवलेला आहे, आणि तो टिकायचा असेल तर त्याच्यासारख्या आयटीतल्या मुलांनी घरातल्या मोठ्यांना ॲप टाकून देताना सेटिंगही दाखवायला हवं होतं. त्याने तुम्हाला वापरायला शिकवलं, काय टाकायचं नाही ते शिकवलं नाही. लेकीच्या रागातला थोडा वाटा खरं तर त्याच्याकडे जायला हवा.

आणि काळजी आता आपल्याकडेही येतेय, हळूहळू. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरने स्वतः सांगितलं की त्याच्या नावाने फिरणारा गेमिंग ॲपचा व्हिडिओ खोटा आहे, त्यात त्याच्या लेकीचंही नाव घातलं होतं. आशाताई भोसल्यांच्या आवाजाची एआयने नक्कल होतेय म्हणून २०२५ मध्ये त्यांना मुंबई हायकोर्टात जावं लागलं आणि कोर्टाने त्यांच्या बाजूने आदेश दिला. ज्या आवाजावर आपल्या पिढ्या वाढल्या तो आवाज कोणीही बटण दाबून काढावा, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. सचिन आणि आशाताईंसाठी कोर्ट, वकील, पेपर सगळं आहे. चार वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्याचं कोणी काही केलं तर तिच्यासाठी फक्त तिची आई आहे.

तुम्ही विचारलंत मी वापरते त्यात वाईट आहे का. नाही, अजिबात नाही. मिस्टर गेल्यावर रात्री झोप येत नाही आणि तुम्ही अभंगाचा अर्थ विचारत बसता, यात अपराधी वाटून घेण्यासारखं काय आहे. फक्त काही गोष्टी सांभाळा. पथ्याचं विचारा, ज्वारीची भाकरी की नाचणीची वगैरे ठीक, पण गोळीचा डोस किंवा इन्सुलिन त्याच्या सांगण्यावरून बदलू नका, आणि त्याने सांगितलेलं पथ्यही पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवून घ्या. अभंगाच्या बाबतीत तर मी जास्तच सावध करेन. हे एआय तुकोबांच्या नावावर तुकोबांनी न लिहिलेल्या ओळी बिनदिक्कत देतं, भाषा तशी, शेवटी "तुका म्हणे" सुद्धा, आणि गाथेत शोधायला जावं तर नाही. त्यामुळे गाथा उशाशी ठेवा, अभंग गाथेतला घ्या, अर्थापुरतं त्याला विचारा. आणि आधार कार्ड, बँकेचं पासबुक, रिपोर्टवरचं नाव, दुसऱ्याचा फोटो, हे त्यात नाही टाकायचं. स्वतःचा फोटो टाकायचा तर ती तुमची मर्जी.

भाच्याला या शनिवारी घरी बोलवा, ग्रुपवर नको, समोर. त्याच्याकडून त्या ॲपमधली नातीच्या फोटोची चॅट काढून टाका, आणि सेटिंगमध्ये तुमच्या गप्पा आणि फोटो ट्रेनिंगसाठी, म्हणजे एआयला शिकवायला, वापरायची परवानगी असते ती बंद करून घ्या. ग्रुपवर ज्यांनी ज्यांनी तो फोटो सेव्ह केला असेल त्यांनाही काढायला सांगा, एकेकाला फोन करून, हे काम भाच्यालाच द्या. आणि त्याने ग्रुपवर जे लिहिलं त्याबद्दल त्याने तुमच्या लेकीला स्वतः सॉरी म्हणावं, तुम्ही त्याच्या वतीने म्हणू नका. तो वाईट मुलगा नाही, मावशीला आधी कौतुकाने शिकवणारा मुलगा आहे, तुम्ही सांगितलंत तर ऐकेल.

मग लेकीला फोन. जावयांच्या मेसेजची वाट बघत राहू नका, ते बिचारे दोघींच्या मध्ये अडकलेत. आणि फोनवर भारत पुढे का युरोप पुढे हा विषय काढूच नका, मी वर एवढं लिहिलं ते तुम्हाला तिची बाजू कळावी म्हणून, तिला ऐकवायला नाही. "मी प्रेमाने केलं होतं" हे पहिलं वाक्य नको, ते तिला माहितीये, त्याने सॉरी अर्धं होतं. असं म्हणा, "बाळा, मी तुला विचारायला हवं होतं, नाही विचारलं, चुकलं माझं. फोटो ॲपमधून काढलाय, सगळ्यांच्या फोनमधून काढायला लावलाय. यापुढे तिचा कुठलाही फोटो कुठेही टाकायच्या आधी तुला विचारेन." आणि गप्प बसा. ती काय बोलेल ते बोलू दे. रडली तर रडू दे. मग तिला विचारा की तिकडे तुला याची भीती का वाटते गं, आणि ती जे सांगेल ते मध्ये न बोलता ऐका, तिलाही कदाचित कोणीच हे विचारलं नसेल, सगळ्यांनी "एवढं काय त्यात" एवढंच म्हटलं असेल.

तुम्ही रात्री काय विचारत बसता तेही सांगा तिला. सोसायटीच्या पत्राचं सांगा, झोप येत नाही तेही सांगा. मला वाटतं आईला रात्री झोप नाही लागत हे तिला माहीतच नसावं, आणि ते कळलं तर एआयवरून भांडण बाजूला राहील आणि ती आधी त्याबद्दल विचारेल.

आणि नऊवारीची हौस राहिलीच आहे ना, तर दादरला रानडे रोडला जा, लहान मुलींच्या शिवलेल्या नऊवाऱ्या मिळतात, चार वर्षांच्या मापाची घ्या, सोबत दाबाची नथ. लेकीला आधी विचारा आणि मग पाठवा. फोटो ती काढेल, कोणाला पाठवायचा ते ती ठरवेल.

रविवारी दुपारी दोनला फोन लावा, तिकडे सकाळ असते, सुट्टी असते, नात उठलेली असते. उचलला नाही तर चारला परत लावा. काय झालं ते मला कळवा, मी वाट बघतेय.